मनमाडचे स्पॅनिश फादर

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सहा दिवस पायी चालून मुंबईत पोहोचले, ते दृश्य मुंबईकर अद्याप विसरलेले नाहीत. दहावीच्या विद्यार्थ्यांची परीक्षेच्या दिवशी अडचण होऊ नये म्हणून त्यांनी शीवच्या सोमय्या मैदानावरून रातोरात आझाद मैदान गाठले होते. वाटेत लोकांनी त्यांना पाणी दिले, खायला दिले, भेगाळलेल्या पायांसाठी चपला दिल्या. याच नाशिक जिल्ह्यातून बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १९६८ मध्येही शेतकऱ्यांनी मुंबईची वाट धरली होती, ही गोष्ट मात्र त्या वेळी फारशा कुणाला आठवली नाही. त्या मोर्चाची मागणी आगळीच होती. त्यात हमीभाव नव्हता, कर्जमाफी नव्हती. मनमाडला राहणाऱ्या एका स्पॅनिश पाद्र्याला सरकारने देश सोडण्याचा हुकूम दिला होता. तो हुकूम मागे घ्या, एवढेच शेतकऱ्यांचे म्हणणे होते.

त्या पाद्र्याचे नाव फादर व्हिन्सेंट फेरर. मनमाड ते मुंबई हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आणि मोर्चातील शेतकरी तीस हजारांहून अधिक, असे फेरर यांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेले त्यांचे चरित्र सांगते. आकड्याविषयी काटेकोर राहायचे तर तो संस्थेचा आकडा आहे, एवढे लक्षात ठेवावे. परंतु संख्या काहीही असो, या मोर्चातील बहुसंख्य माणसे ख्रिस्ती नव्हती.

उत्तन, डोंगरी, गोराईपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला ‘फादर’ या शब्दाचे अप्रूप नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. सत्ता गेली तरी देवळे, ग्रोटो, क्रूस आणि गावाच्या सुखदुःखात मिसळलेले फादर येथे राहिले. मिरा-भाईंदरच्या जुन्या गावठाणांतून धर्मगुरू हा घरातलाच माणूस. घाटावर तसे नाही. चांदवड, नांदगाव, येवला या दुष्काळी तालुक्यांत, अंकाई-टंकाईच्या डोंगरांच्या पायथ्याशी, पांढरा झगा घातलेला गोरा मनुष्य म्हणजे साहेबाच्या राजवटीची उरलेली खूण. अशा मनुष्यासाठी तेथला शेतकरी भाकरी बांधून का निघाला, हे समजून घ्यायचे तर त्याच्या आयुष्याचा पट थोडा मागून पाहावा लागतो.

युद्ध, छावणी आणि दीक्षा

व्हिन्सेंट (स्पॅनिश उच्चाराप्रमाणे विसेंते) फेरर यांचा जन्म ९ एप्रिल १९२० रोजी बार्सिलोना येथे झाला. ते सोळा वर्षांचे असताना स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. तरुण फेरर डाव्या पक्षात होते. १९३८ मध्ये, मिसरूड फुटण्याच्या वयात, त्यांना प्रजासत्ताकाच्या सैन्यात भरती करण्यात आले आणि एब्रो नदीकाठच्या लढाईत पाठविण्यात आले. ही त्या युद्धातील सर्वांत दीर्घ आणि रक्तरंजित लढाई. प्रजासत्ताकाचा पराभव झाल्यावर लाखो लोकांबरोबर तेही सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले आणि आर्जेलेस येथील समुद्रकाठच्या छावणीत अडकले. तेथून त्यांना जनरल फ्रँको यांच्या अधिकाऱ्यांच्या हवाली करण्यात आले. बंदिवास झाला, मग सक्तीची लष्करी चाकरी. सुटल्यावर त्यांनी कायद्याचे शिक्षण सुरू केले आणि १९४४ मध्ये ते अर्धवट सोडून जेझुइट म्हणजे येशूसंघात प्रवेश घेतला.

डाव्या पक्षातला सैनिक जेझुइट होतो, हे वाचताना विचित्र वाटेल. त्या काळी स्पेनमधील चर्च उघडपणे फ्रँकोच्या बाजूला होते. फेरर यांनी मात्र यात विसंगती मानली नाही. माणसांना उपयोगी पडावे ही त्यांची जुनीच ओढ होती. पक्षाने ती भागली नाही, म्हणून ते संघाकडे वळले, असा त्यांच्या पुढील आयुष्यावरून अर्थ लावता येतो.

१३ फेब्रुवारी १९५२ रोजी ते बोटीने मुंबईत उतरले. मुंबई प्रांतातील ख्रिस्ती मिशनचे काम तेव्हा स्पॅनिश जेझुइटांकडे होते आणि त्यालाही एक इतिहास आहे. पूर्वी हे काम जर्मन जेझुइट पाहत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केले, मायदेशी धाडले, आणि १९२२ च्या सुमारास त्यांची जागा स्पेनच्या धर्मबंधूंनी घेतली. भारतीय इतिहासाचे गाढे अभ्यासक फादर हेन्री हेरास हे त्यांतलेच. म्हणजे सरकारने परदेशी धर्मगुरूंना बाहेर काढल्यामुळे ज्यांना येथे जागा मिळाली, त्यांच्याच परंपरेतील फेरर यांच्यावर पुढे तीच वेळ आली.

‘आधी खणा’

पुण्यात ईश्वरविद्येचे शिक्षण घेऊन आणि धर्मगुरूपदाची दीक्षा घेऊन फादर फेरर १९५८ मध्ये मनमाडला गेले. मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. गाड्या येतात, जातात, प्रवासी उतरतात; पाणी मात्र नाही. पाणीटंचाईचे गाव हीच मनमाडची ओळख पुढेही अनेक दशके टिकली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर मुरूम, खाली काळा पाषाण. बाजरी, मटकी, कुळीथ आणि पावसाची वाट पाहणे, अशी शेती.

काळ्या खडकात पाणी असते, पण ते फटींत, सांध्यांत असते. विहीर खणायची तर मुरूम हाताने निघतो; पुढे सुरुंग लावावे लागतात, महिनोन्महिने मजूर लावावे लागतात. त्यानंतर इंजिन बसवायचे. एवढा पैसा कोरडवाहू शेतकऱ्याकडे कोठून येणार? रिझर्व्ह बँकेच्या पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला, त्यानुसार देशातील शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास होता. बँकांचे राष्ट्रीयीकरण व्हायला १९६९ साल उजाडावे लागले. ज्याच्याकडे विहीर नाही त्याला तारण नाही, आणि तारण नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून विहीर नाही. या चक्रात पिढ्या गेल्या होत्या.

फादर फेरर यांनी जे केले त्यात तसे नावीन्य काहीच नव्हते. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात विहीर खणायला घ्यावी. खणण्याचे काम चालेल तेवढे दिवस त्याच्या घरी गहू आणि तेल पोहोचेल. पुढे इंजिनासाठी, बियाण्यासाठी बिनव्याजी उचल. भीक म्हणून काही द्यायचे नाही आणि वचन दिल्यावर मागेही हटायचे नाही, ही रीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच असावी. खणण्याच्या दिवसांत रोजंदारी बुडते आणि चूल बंद पडते, या भीतीने विहिरीचा विचार सुरू होण्यापूर्वीच संपत असे. ती भीती या गव्हाने घालवली. शहरात बसून हे क्षुल्लक वाटते. परंतु चार वर्षांनी, १९७२ च्या भीषण दुष्काळात, महाराष्ट्र सरकारनेही लोकांच्या हाताला काम देऊनच त्यांना जगविले. त्या कामांवरची सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो ज्यांनी खाल्ला, त्यांना काम आणि अन्न यांची सांगड म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही.

या धान्याचा पैसा परदेशातून येत होता, हेही येथेच सांगितले पाहिजे. पुढच्या वादाचे मूळ त्यात आहे.

संशय

१९६० चे दशक परदेशी धर्मगुरूंविषयीच्या संशयाचे होते. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये आपला अहवाल दिला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस त्यात होती. १९६६ मध्ये नागा शांतता वाटाघाटींत असलेल्या रेव्हरंड मायकेल स्कॉट यांना देशाबाहेर काढण्यात आले. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले. या हवेत मनमाडच्या पाद्र्याभोवती गावोगावचे शेतकरी गोळा होतात, परदेशी पैसा येतो आणि एका परदेशी मनुष्याच्या शब्दाला आमदाराच्या शब्दापेक्षा वजन येते, हे अनेकांच्या डोळ्यांवर आले. गहू देऊन बाटवतात, असा आरोप झाला. राजकारणात उतरतात, असाही झाला.

आरोप करणारे सगळेच खोटारडे होते, असे म्हणणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. दुष्काळात अन्न देऊन बाप्तिस्मा दिल्याच्या कथा एकोणिसाव्या शतकापासून महाराष्ट्राच्या कानांवर होत्या आणि नव्या स्वतंत्र देशाला परक्या मदतीविषयी जपून राहावेसे वाटणे स्वाभाविक होते. पण फेरर यांच्या बाबतीत पुराव्याचा भार उलटा टाकला गेला. मदत करतो म्हणजे हेतू असलाच पाहिजे, अशी ती मांडणी होती. माणसाला हेतू नसतो हे सिद्ध कसे करायचे?

त्यात भर पडली कौतुकाची. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ने त्यांच्या कामावर ‘मूक क्रांती’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख छापला. (खुशवंत सिंग तेथे संपादक म्हणून येण्यापूर्वीची ही गोष्ट.) क्रांती हा शब्द वाचून स्थानिक पुढाऱ्यांचे कान टवकारले. आमच्या व्यवसायाने चांगल्या हेतूने माणसांचे नुकसान केल्याची जी उदाहरणे आहेत, त्यांत हे एक धरायला हरकत नाही.

१९६८ मध्ये सरकारने त्यांना देश सोडण्यास सांगितले. राज्यात तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, केंद्रात गृहखाते यशवंतराव चव्हाणांकडे होते. नाईक तर स्वतः शेतीत रमणारे. महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, अशा आशयाची त्यांची पुण्यातील घोषणा गाजली होती. विहिरी खणून घेणाऱ्या माणसाला त्याच राज्यातून जावे लागले.

मग तो मोर्चा निघाला. शेतकऱ्यांच्या पाठीशी विचारवंत उभे राहिले, काही राजकीय नेते आणि निरनिराळ्या धर्मांचे प्रमुखही उभे राहिले. प्रकरण पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत गेले. त्यांनी काढलेला तोडगा त्यांच्या राजकीय शैलीला साजेसा होता: फादर फेरर थोड्या सुट्टीसाठी परदेशी जात आहेत, भारतात त्यांचे पुन्हा स्वागत होईल, असा संदेश त्यांनी दिला. हुकूमही राहिला आणि दारही उघडे राहिले. फेरर स्पेनला गेले. तोपर्यंत त्यांची गोष्ट तेथल्या वृत्तपत्रांत पोहोचली होती.

झगा सुटला तेव्हा

१९६९ मध्ये ते परत आले. महाराष्ट्रात मात्र नाही. त्यांना काम करू देण्याची तयारी आंध्र प्रदेशाने दाखविली आणि वाट्याला आला रायलसीमेतील अनंतपूर जिल्हा. पावसाच्या बाबतीत देशातील अत्यंत कोरड्या जिल्ह्यांपैकी एक. मनमाडहून जे सोडून आले होते तेच, दुपटीने, तेथे वाट पाहत होते. तेथे राहायला मिळालेल्या घराच्या भिंतीवर ‘चमत्काराची वाट पाहा’ अशा अर्थाचे वाक्य लिहिलेले होते, असे ते पुढे सांगत. ते वाक्य त्यांना पटले नव्हते. चमत्कार घडेपर्यंत बसून राहणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते.

त्यांच्याबरोबर आलेल्यांत अ‍ॅन पेरी ही तरुण इंग्रज पत्रकार होती. मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकासाठी ती १९६८ मध्ये, हकालपट्टीच्या वादात, त्यांची मुलाखत घ्यायला गेली होती. १९७० मध्ये फेरर यांनी येशूसंघ सोडला आणि त्याच वर्षी दोघांनी विवाह केला. संघाशी त्यांचे मतभेद त्याआधीपासूनच होते. धर्मगुरूने विहिरी, इंजिने, कर्जे यांत किती गुंतावे, हा त्यांतला मुख्य प्रश्न. जेझुइटाचे तिसरे व्रत आज्ञापालनाचे असते, आणि फेरर कुणाच्या आज्ञेत राहणारे नव्हते.

त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनाही हा भाग अवघड जातो. लग्न केलेल्या माणसाला फादर म्हणायचे का? ज्याने दीक्षा सोडली त्याची श्रद्धा राहिली का? अनंतपूरच्या खेड्यांनी पहिल्या प्रश्नाचा निकाल परस्पर लावला. ते त्यांना शेवटपर्यंत ‘फादर’च म्हणत राहिले. दुसऱ्या प्रश्नाला फेरर यांचे उत्तर त्यांच्या लिखाणात आणि मुलाखतींत अनेकदा येते. सत्कृत्य हे सर्व तत्त्वज्ञाने आणि सर्व धर्म यांना पुरून उरते, अशी त्यांची धारणा होती. ईश्वराऐवजी ते बहुधा ‘दैवी योजना’ हा शब्द वापरीत आणि तिच्याशी एखाद्या भागीदारासारखे वागत. आलेला पैसा ताबडतोब कामाला लावायचा, उद्याचे उद्या येईल. संस्थेचे हिशेब पाहणाऱ्यांची यामुळे काय अवस्था होत असेल ते सोडा; पण प्रार्थनेला बसलेल्या माणसापेक्षा ही श्रद्धा कमी होती, असे म्हणवत नाही. संघ सोडला म्हणून त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही. मात्र त्याच्या नावाने कुणाला बोलावलेही नाही.

सरकारचा १९६८ मधील संशय जर खरा असता, तर पुढच्या चाळीस वर्षांत अनंतपूरला चर्चे उभी राहिलेली दिसली असती. उभ्या राहिल्या त्या शाळा, दवाखाने, घरे, बंधारे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट’ने, म्हणजे ‘आरडीटी’ने, प्रामुख्याने दलित आणि आदिवासी वस्त्यांत काम केले. बत्तलपल्ली, कल्याणदुर्ग आणि कणेकल येथे रुग्णालये झाली. स्पेनमधील सामान्य कुटुंबांनी दरमहा ठरावीक रक्कम देऊन एकेका मुलाचे पालकत्व घ्यावे, या पद्धतीवर पैशाचा मोठा भाग उभा राहिला. १९९६ मध्ये त्यासाठी स्पेनमध्ये त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन झाले. १९९८ मध्ये त्यांना स्पेनचा प्रतिष्ठेचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार मिळाला. ज्या देशाने त्यांना कैदेत टाकले होते, त्याच देशात ते घराघरांत ठाऊक झाले. टेनिसपटू राफाएल नदालच्या प्रतिष्ठानने २०१० मध्ये अनंतपूरला मुलांसाठी टेनिसशाळा काढली, ती याच ओळखीतून. क्रिकेटरसिकांना आणखी एक खूण सांगता येईल: सप्टेंबर २०२४ मध्ये दुलीप करंडकाचे सामने अनंतपूरच्या ज्या मैदानावर झाले, ते आरडीटीचे मैदान.

एक तुलना

फेरर यांच्याच काळात, त्यांच्याच संघाचा आणखी एक परदेशी धर्मगुरू महाराष्ट्रात पाण्याच्याच मागे लागला होता. स्वित्झर्लंडहून आलेले फादर हर्मन बाखर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात राहिले. त्यांनीही शेतकऱ्यांबरोबर विहिरींपासून सुरुवात केली. पुढे विहिरीत पाणी यायचे तर डोंगरावर ते अडवले पाहिजे, या निष्कर्षाला आले आणि भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे प्रेरणास्थान ठरले. ‘वॉटर’ म्हणून ओळखली जाणारी पाणलोट संस्था त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर १९९३ मध्ये सुरू केली. त्यांनी सरकार, बँका, ग्रामसभा सर्वांना बरोबर घेतले, संघही सोडला नाही, आणि २०२१ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी ते निवर्तले. बाखर यांचे नाव पाणलोटाच्या क्षेत्रात आदराने घेतले जाते.

दोघांच्या स्वभावात फरक होता हे खरे, पण फेरर यांना जो अवधी मिळाला नाही तो बाखर यांना मिळाला, हेही खरे. मनमाडला फेरर दहा वर्षे होते. तेवढ्या काळात विहीर खणून होते. तिच्यातले पाणी टिकवायचे कसे, हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. तो सोडविण्याची उमेद फेरर यांनी अनंतपूरला वापरली. मनमाड परिसरातील गावांनी त्यांच्यासाठी मोर्चा काढला. मात्र पुढील चाळीस वर्षांचे काम आंध्रच्या वाट्याला गेले.

मार्च २००९ मध्ये फेरर यांना मेंदूचा झटका आला. त्यातून ते सावरले नाहीत आणि १९ जून २००९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, अनंतपूर येथे त्यांचे निधन झाले. अंत्यदर्शनाला खेड्यापाड्यांतून लोकांची रीघ लागली होती. स्पेनला नेण्याचा प्रश्नच नव्हता. बत्तलपल्ली येथे, संस्थेच्या रुग्णालयाच्या गावी, त्यांना दफन करण्यात आले. त्यांच्यामागे संस्थेचे काम अ‍ॅन फेरर आणि मुलगा मोंचो यांनी पुढे चालविले. २०१३ मध्ये स्पेनमध्ये त्यांच्या आयुष्यावर दूरचित्रवाणी चित्रपट निघाला. आर्जेलेसच्या छावणीतल्या तरुणापासून अनंतपूरच्या म्हाताऱ्यापर्यंतचा हा प्रवास स्पॅनिश प्रेक्षकांना परिचयाचा आहे. मराठीत मात्र त्यांच्याविषयी काही वाचायचे ठरविले तर शोधाशोध करावी लागते.